निवृत्तीनंतरचा पूरक आरोग्य विमा: आधी कमी काय पडतंय ते मोजा

निवृत्त माणसाकडे आरोग्य संरक्षण अगदीच नसतं असं सहसा होत नाही. कुणाचं वीस वर्षांपूर्वी घेतलेलं मेडिक्लेम चालू असतं, कुणाकडे सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी व पेन्शनरांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असतं, कुणी बँकेच्या निवृत्तांच्या गट पॉलिसीत असतं, कुणाचं नाव मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत घातलेलं असतं. अडचण असते ती हे पुरत नाही याची. जुनं मेडिक्लेम तीन लाखांचं असतं आणि आता एका मोठ्या शस्त्रक्रियेचं बिल त्याच्या कितीतरी पुढे जातं. अशा वेळी जो वरचा विमा घ्यायचा, त्याबद्दल हा लेख आहे.

दुकानात गेल्यासारखं ‘मला पंचवीस लाखांचा द्या’ असं म्हणून हा विमा घेऊ नका, एवढी एकच गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे आज काय आहे आणि ते नेमकं कुठे अपुरं पडतं, हे आधी कागदावर मांडा. पूरक विमा त्या उणिवेच्या मापाचा असला तरच उपयोगी पडतो. नाहीतर दरवर्षी हप्ता जातो आणि डिस्चार्जच्या दिवशी कळतं की हा विमा लागूच होत नाही.

पहिली पायरी: हातात काय आहे त्याची यादी

एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीच्या नावापुढे तिला लागू असलेलं प्रत्येक संरक्षण लिहा. रक्कम किती, पॉलिसी वैयक्तिक आहे की दोघांत मिळून म्हणजे फ्लोटर, नूतनीकरणाची तारीख कोणती, आणि ती कुणाच्या मर्जीवर चालू आहे. हा शेवटचा रकाना लोक विसरतात. स्वतःच्या नावावरची पॉलिसी तुम्ही हप्ता भरत राहिलात तर चालू राहते. आधी क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारायचा अधिकार कंपनीला नाही. पण मुलाच्या कंपनीतली गट पॉलिसी त्याची नोकरी बदलली की संपते आणि निवृत्तांसाठी संस्थेने काढलेल्या गट पॉलिसीच्या अटी व हप्ता वर्षागणिक बदलू शकतो. असं संरक्षण यादीत जरूर लिहा, पण पेन्सिलीने.

सरकारी योजनाही या यादीत हव्यात. अनेक घरांत त्या गृहीतच धरलेल्या नसतात.

वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. कुटुंबातल्या ७० वर्षांवरील सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार यात होतात आणि आधीपासूनच्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठीचे हे ५ लाख वेगळे मिळतात. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं. मात्र सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर दोहोंपैकी एकच निवडावं लागतं. माझं मत विचाराल तर सीजीएचएस सोडू नये, कारण तिथे बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधंही मिळतात, वय वंदना कार्ड मात्र दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठीच आहे. कार्डासाठी आधार लागतं, चौकशीचा क्रमांक १४५५५.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व रेशन कार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डवाल्यांनासुद्धा, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपला आजार आणि ते रुग्णालय योजनेत बसतं का, हे त्यालाच विचारावं.

या दोन्ही योजनांचा आधार मोठा आहे. तरीही त्यांची मर्यादा ओळखून चालायला हवं: उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयातच घ्यावे लागतात आणि ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीतलेच. म्हणून घराजवळची, तुम्ही खरोखर ज्यांत जाल अशी दोन-तीन रुग्णालयं यादीत आहेत का, ते आजच बघून ठेवा. नसतील तर पूरक विम्याचं गणित मांडताना या योजना बाजूला ठेवा.

खासगी कारखान्यात नोकरी करताना ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, होतात का? किमान पाच वर्षं विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण ती सोडून देतात.

अजून नोकरीत असाल आणि निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल, तर एक काम आत्ताच करा. कंपनीची गट पॉलिसी ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करायची मुभा नियमांत आहे, आणि गट पॉलिसीत काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे ठरावीक आजारांचे पैसे मिळण्याआधी थांबायच्या काळात, धरली जातात. अर्ज निवृत्तीच्या आधीच केलेला बरा. कंपनी प्रकृतीची माहिती मागेल, कदाचित तपासण्याही करायला सांगेल. एचआरकडून आतापर्यंतच्या सगळ्या वर्षांचा विमा असल्याचा दाखला घ्या. निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी तो मिळवणं फार अवघड जातं.

दुसरी पायरी: मूळ पॉलिसीतली गळती शोधा

पूरक विमा वरची मर्यादा वाढवतो. मूळ पॉलिसीच्या आतली भोकं तो बुजवत नाही. म्हणून नवीन काही घेण्याआधी मूळ पॉलिसी वाचा. सगळी नाही वाचली तरी चालेल, पण सोबतचं ग्राहक माहितीपत्रक वाचाच. १ जानेवारी २०२४ पासून कंपन्यांना हे नव्या, सोप्या स्वरूपात द्यावं लागतं आणि मागितलं तर आपल्या भाषेतही मिळतं. मराठीत मागा.

सगळ्यात मोठी गळती खोलीभाड्याच्या मर्यादेतून होते. ती नीट समजून घेऊ.

समजा पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत आहे. रुग्ण १०,००० च्या खोलीत पाच दिवस राहतो. घरच्यांचा हिशेब असा असतो की वरचे पाच हजार गुणिले पाच, म्हणजे २५,००० आपण भरू. प्रत्यक्षात तसं होत नाही. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून खोलीशी निगडित बाकी खर्चही कंपनी निम्म्यावर आणते. डॉक्टरांच्या व्हिजिट, सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळं त्यात येतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. आता आकडे घाला: खोलीचे ५०,०००, डॉक्टर-थिएटर-नर्सिंगचे १,५०,००० आणि औषधं, इम्प्लांट, तपासण्यांचे १,२०,०००. एकूण बिल ३,२०,०००. कंपनी देणार २५,००० अधिक ७५,००० अधिक १,२०,०००, म्हणजे २,२०,०००. खिशातून गेले एक लाख.

आणि याच घरात वर पाच लाखांपासून पुढे चालू होणारा पूरक विमा, म्हणजे सुपर टॉप-अप (तो पुढे तिसऱ्या पायरीत समजावला आहे), असता, तर? एक रुपयाही मिळाला नसता. बिल पाच लाखांपर्यंत पोचलंच नाही. दहा-पंधरा लाखांचा वरचा विमा असूनही लाख रुपये भरावे लागले म्हणून लोक चिडतात ते इथेच, पण दोष वरच्या विम्याचा नसतो.

दुसरी गळती को-पेची. ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत प्रत्येक क्लेमचा ठरावीक टक्के भाग रुग्णाने भरायचा असतो. वीस टक्के को-पे म्हणजे चार लाखांच्या मान्य क्लेमवर ऐंशी हजार आपले. तिसरी सब-लिमिटची: मोतीबिंदू किंवा गुडघा बदलणं यांना पॉलिसीत वेगळी, कमी मर्यादा असते. साठीनंतर हे दोन उपचार बऱ्याच घरांत निघतात, म्हणून या ओळी आधी शोधा. हातमोजे, किट, डायपर यांसारख्या वस्तूंचे पैसेही मूळ पॉलिसीत बहुधा मिळत नाहीत. त्यासाठी जास्तीचा हप्ता भरून रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, मिळतो का, ते विचारा.

गळती मोठी असेल तर दोन वाटा आहेत. कंपनीकडेच चांगल्या योजनेत स्थलांतर मागायचं, किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं. दोन्हींत मूळ रकमेपुरती आधी काढलेली वर्षं जपली जातात. पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी द्या आणि नवीन कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका. सत्तरीच्या पुढे, आजार असताना पोर्टिंग नाकारलं जाऊ शकतं. तेव्हा जुनी, गळकी का होईना, पॉलिसी धरून ठेवणं हेच शहाणपणाचं. बाजारात ‘ही जुनी सोडा, नवी स्वस्त आहे’ असं सांगणारे बरेच भेटतील. पाच वर्षं सलग चालू असलेल्या पॉलिसीत, सिद्ध झालेली फसवणूक सोडली, तर माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाचवर आणली. नवी पॉलिसी नव्याने घेतली की हे कवच पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

तिसरी पायरी: टॉप-अप की सुपर टॉप-अप

दोन्हींत ‘डिडक्टिबल’ नावाची एक रक्कम असते. तेवढा खर्च दुसरीकडून व्हायचा, त्याच्या वरचा भाग हा विमा देणार. ती रक्कम मूळ पॉलिसीनेच भरावी असं नाही. खिशातून भरली तरी चालते.

फरक एवढाच की साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या बिलाकडे वेगळं बघतो आणि सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र धरतो. हा ‘एवढाच’ फरक साठीनंतर निर्णायक ठरतो, कारण या वयात एकच प्रचंड बिल येण्यापेक्षा वर्षात दोनदा मध्यम बिलं येण्याची शक्यता जास्त.

उदाहरण घेऊ. मूळ पॉलिसी ५ लाखांची, वरच्या विम्याचं डिडक्टिबल ५ लाख. एप्रिलमध्ये अँजिओप्लास्टी, बिल ४ लाख. नोव्हेंबरमध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, बिल साडेतीन लाख. मूळ पॉलिसीने पहिल्या वेळी ४ लाख दिले, दुसऱ्या वेळी उरलेला १ लाख दिला. अडीच लाख राहिले. साधा टॉप-अप म्हणेल, एकही बिल पाच लाखांवर गेलं नाही, मी काही देणं लागत नाही. सुपर टॉप-अप साडेसात लाखांतून पाच वजा करून ते अडीच लाख देईल.

निवृत्तांनी साधा टॉप-अप घेऊ नये, असं मी स्पष्टपणे म्हणेन. हप्त्यातल्या बचतीसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही. कागदावर ‘टॉप-अप’ एवढंच लिहिलं असेल, तर डिडक्टिबल दर क्लेमला आहे की वर्षाच्या एकूण क्लेमवर, हे लेखी विचारा.

चौथी पायरी: डिडक्टिबल, तारखा आणि फ्लोटर जुळवा

डिडक्टिबल मूळ विम्याच्या रकमेइतकं ठेवतात, आणि साधारण तेच बरोबर. मूळ पॉलिसी ३ लाखांची आणि डिडक्टिबल ५ लाखांचं असेल, तर मधले २ लाख तुमचे. ते मुदत ठेवीत वेगळे काढून ठेवायची तयारी असेल तर हरकत नाही, हप्ता कमी बसतो. पण ते जाणूनबुजून ठरवलेलं असावं. मूळ संरक्षण पेन्सिलीने लिहिलेल्यांपैकी, म्हणजे मुलाच्या कंपनीचं किंवा संस्थेच्या गटाचं असेल, तर ते उद्या संपल्यास डिडक्टिबलएवढी पूर्ण रक्कम आपल्याला उभी करता येईल का, हा प्रश्न आधी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर स्वतःच्या नावावर छोटी का होईना मूळ पॉलिसी आधी, सुपर टॉप-अप नंतर.

बँकांच्या निवृत्तांच्या गट योजनेत मूळ विम्याच्या जोडीने सुपर टॉप-अपचा पर्यायही देतात. तिथे ठरावीक मुदतीत होकार कळवावा लागतो. मूळ विमा घ्यायचा की फक्त आपला स्वतंत्र चालू ठेवायचा, हा निर्णय संघटनेतल्या मित्राने काय केलं त्यावरून करू नका. त्याची प्रकृती वेगळी, त्याचा जुना विमा वेगळा.

सीजीएचएस असणाऱ्यांनी पूरक विमा घेतला, तर आधी विमा कंपनीकडून क्लेम घेऊन उरलेल्या रकमेसाठी सीजीएचएसकडे जाता येतं. दोन्ही मिळून प्रत्यक्ष खर्चाहून जास्त मिळत नाही, आणि सीजीएचएस आपल्या ठरलेल्या दरांनुसारच देतं.

आता तारखा. या मुद्द्याकडे एजंटही फारसं लक्ष देत नाहीत. वरचंच उदाहरण: एप्रिलला ४ लाख, नोव्हेंबरला साडेतीन लाख. समजा मूळ पॉलिसीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च आहे आणि सुपर टॉप-अप तुम्ही १ ऑक्टोबरला घेतला होता. सुपर टॉप-अप स्वतःच्या वर्षातली बिलं मोजतो. त्याच्या दृष्टीने एप्रिलचं बिल गेल्या वर्षातलं आणि नोव्हेंबरचं नव्या वर्षातलं. दोन्ही पाचच्या आत. मूळ पॉलिसी मात्र एकाच वर्षात संपलेली. अडीच लाख खिशातून, सुपर टॉप-अप असूनही. दोन्ही पॉलिसी एकाच तारखेला सुरू होतील असं बघा. सुपर टॉप-अप मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या दिवशीच घ्यायचा, एवढं केलं तरी काम होतं.

नवरा-बायको दोघांसाठी घेताना मूळ आणि पूरक एकाच जातीचे असावेत. मूळ ५ लाखांचा फ्लोटर आहे, आणि वर्षात एकाला ३ व दुसऱ्याला ४ लाख लागले. सुपर टॉप-अपही फ्लोटर असेल तर दोघांची बिलं मिळून ७ होतात आणि वरचे २ लाख मिळतात. दोघांचे वेगवेगळे सुपर टॉप-अप असतील, तर प्रत्येकाचं बिल ५ च्या आतच राहतं आणि २ लाख आपल्याला भरावे लागतात. मूळ पॉलिसी दोघांना स्वतंत्र ५-५ लाखांच्या असतील, तर मात्र स्वतंत्र सुपर टॉप-अप चालतात. त्यातही एकाची प्रकृती खूप नाजूक असेल तर स्वतंत्रच बरे.

एकाच कंपनीकडे दोन्ही विमे असले तर क्लेमच्या वेळी धावपळ कमी होते. सक्ती नाही. अटी चांगल्या मिळत असतील तर दुसऱ्या कंपनीकडे खुशाल जा.

रक्कम किती घ्यायची? सुपर टॉप-अपमध्ये दहावरून वीस लाखांवर जाताना हप्ता दुप्पट होत नाही. तेव्हा आकड्यावर घासाघीस करण्यापेक्षा को-पे नसणं, खोलीभाड्याची मर्यादा नसणं आणि वेटिंग पिरियड कमी असणं, यांसाठी चार पैसे जास्त मोजा.

पाचवी पायरी: प्रस्तावाचा अर्ज स्वतः भरा

सुपर टॉप-अप ही वेगळी पॉलिसी आहे आणि तिचा वेटिंग पिरियडही वेगळा, घेतल्या दिवसापासून. मूळ पॉलिसी पंधरा वर्षं जुनी असली तरी इथे नव्याने थांबावं लागतं. अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, सांधे बदलणं अशा ठरावीक उपचारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं, ही मर्यादा २०२४ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, घातली आहे. पूर्वी ती चार होती. म्हणून हा विमा पासष्टीला घेण्यापेक्षा पंचावन्नला घेतलेला बरा, आणि पासष्टीला आहात तर या वर्षी घेतलेला पुढच्या वर्षीपेक्षा बरा. वय ६५ उलटलं म्हणून सगळीच दारं बंद, अशी स्थिती आता नाही. सर्व वयोगटांसाठी योजना ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. प्रत्येक योजनेत प्रत्येक वयाला प्रवेश मिळेलच, असं मात्र नाही.

अर्ज भरताना एजंट म्हणतो, ‘काका, बीपीचं नका लिहू, उगाच तपासण्या लागतील.’ हे ऐकू नका. पुढे काय होतं ते सांगतो. दोन वर्षांनी काका दाखल होतात. अपघात विभागातला निवासी डॉक्टर घाईत विचारतो, ‘शुगर-बीपी किती वर्षांपासून?’ मुलगा म्हणतो, ‘असेल दहा-बारा वर्षं.’ केस पेपरवर ओळ उमटते: मधुमेह, १२ वर्षे. तोच कागद विमा कंपनीकडे जातो. अर्जात मधुमेह नाही, केस पेपरवर आहे, आणि सुपर टॉप-अपला पाच वर्षं झालेली नाहीत. क्लेम नाकारला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. एजंट तेव्हा फोन उचलेलच असं नाही.

म्हणून अर्जात सगळं लिहा: रोजच्या गोळ्या, जुनी ऑपरेशनं, पूर्वी एखाद्या कंपनीने नकार दिला असेल तर तोही. हप्ता वाढला तर वाढू दे, काही वर्षं थांबावं लागलं तर लागू दे. आणि घरातल्या प्रत्येकाला आजाराचं खरं साल माहीत असू द्या. मी तर सुचवेन की एका कागदावर आजार, निदानाचं वर्ष, चालू गोळ्या आणि जुन्या शस्त्रक्रिया लिहून तो आधार कार्डाच्या प्रतीबरोबर ठेवा. दाखल करताना अंदाजाने बोलण्याऐवजी तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. चुकीची ओळ लिहिली गेलीच, तर डिस्चार्जच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घ्या. नंतर ती दुरुस्ती कंपनी सहजी मानत नाही.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. हे ३० दिवस खरोखर वाचनासाठी वापरा. अर्जाची प्रत सोबत असते. त्यात तुम्ही सांगितलेले आजार आहेत का, ते पहिल्यांदा बघा.

हप्त्याबद्दल थोडं

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे, फ्लोटर आणि ज्येष्ठांच्या पॉलिसीही त्यात आल्या. पावतीत तो लावलेला दिसला तर विचारा. ३० जानेवारी २०२५ च्या आदेशानुसार ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते. जुन्या करप्रणालीत साठीवरील व्यक्तीच्या हप्त्याला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि ती ८०डी या नावाने सगळ्यांना माहीत आहे. आईवडिलांचा हप्ता मुलाने भरला तर वजावट त्याला मिळते. रोखीने भरू नका, वजावट जाते.

गंभीर आजाराची ठोक रक्कम देणारी पॉलिसी आणि रोजचा भत्ता देणारी हॉस्पिटल कॅश याही पूरक म्हणून विकल्या जातात. साठीनंतर गंभीर आजाराची पॉलिसी महाग पडते, यादीतल्या आजारांच्या व्याख्या काटेकोर असतात आणि निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असण्याची अटही असते. सुपर टॉप-अप झाल्यावर पैसे उरले तरच तिचा विचार करा. हॉस्पिटल कॅश स्वस्त असली तरी तिने बिल भागत नाही.

सहावी पायरी: क्लेमची तयारी दाखल होण्याआधी

ठरवून होणारी शस्त्रक्रिया असेल तर दोन दिवस आधी, तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत कळवायचं, ही साधारण अट. मूळ कंपनीला सगळेच कळवतात, सुपर टॉप-अपवाल्यांना विसरतात. बिल डिडक्टिबलच्या जवळ जाईल असं वाटलं की त्यांनाही लगेच कळवा. वर्षातलं आधीचं बिल पूर्णपणे मूळ पॉलिसीत भागलं असलं, तरी त्याचे कागद जपून ठेवा. डिडक्टिबल ओलांडल्याचा पुरावा तोच असतो.

मूळ कंपनीकडून क्लेम मंजुरीचं पत्र घ्या, ज्यात किती मागितले, किती दिले, कशाचे कापले हे सविस्तर असतं. रुग्णालयाकडून बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांच्या अहवालांच्या शिक्का मारलेल्या प्रती घ्या. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे जातात, दुसरीला या प्रती आणि मंजुरीचं पत्र चालतं. एक बारकावा: सुपर टॉप-अपची कंपनी सहसा तिच्या नियमांनुसार मान्य होणाऱ्या खर्चातून डिडक्टिबल वजा करते. बिल सहा लाखांचं असलं तरी तिच्या मते साडेपाचच मान्य असतील, तर हातात पन्नास हजार येतील. हे आधी माहीत असलं की पैशांची जुळवाजुळव वेळेवर होते.

कॅशलेससाठीच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत, असा मे २०२४ पासूनचा नियम आहे. कंपनीच्या उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे असतात. कॅशलेस डेस्कवर बसलेल्या माणसाकडून अर्ज कधी पाठवला ती वेळ लिहून घ्या, म्हणजे उशीर रुग्णालयाकडून झाला की कंपनीकडून, हे दाखवता येतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला तेही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ईमेलने तक्रार करा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवता येते, फोनने करायची असेल तर १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही आणि वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जाला पॉलिसी, प्रस्तावाची प्रत, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि तुमचा सगळा पत्रव्यवहार तारखेनुसार लावून जोडा. एका पानात काय घडलं आणि तुमची मागणी किती रुपयांची आहे ते साध्या मराठीत लिहा.